अंगठ्याची जागा

— नाही जी, आधी थो गिलास खाली ठेवा, मंग बोला. खाली म्हंजे टेबलावर नाही, त्या फडक्यावर. हां. हातमोजे घातले म्हनून काय झालं, काच काही हातमोज्याले घाबरत नाही, सुटाची तवा सुटतेच. तुमी अनंतरावाचे चिरंजीव, म्हंजे माह्या सवतीचे भाचे, हैदराबादेत अजायबघरात जुन्या काचसामानाचे साहेब — हे सगळं मले एकदा सांगतलं तेवढं पुरे. वडील आजारी हायेत, बहिनीची आठवन काढून राह्यले, तिच्या लग्नातले काचेचे गिलास डोळे मिटायच्या आधी घरात पायजेत म्हन्तात — हेबी कळलं. तीस वर्षं आठवन नाही आली. इंद्रवेल्लीत आदिवास्याइवर पोलिसाच्या गोळ्या चालल्या त्या एक्क्याऐंशी साली आमचे हे गेले, तवा तुमच्याकडून कोनी दारात उभं नाही राह्यलं. आन आता आली तं एकदम काचेच्या गिलासाची आठवन आली, पितळी घंगाळाची नाही आली. घंगाळ न्या ना. मांगच्या अंगनात पडलं हाये, तुमच्या आत्याचं नाव हाये त्यावर, मी नाही म्हननार नाही. पन घंगाळ काही अजायबघरात ठेवता येत नाही, होय ना.

कशावरून म्हन्ता शंभर वर्षांचे? बुडाच्या चऱ्यावरून. बरं. नकली माल असला तं पॉलिश कागदावर घासून जुना करतात, त्याचे चरे सारे एकाच अंगाले जातात, आन खऱ्याचे आडवेतिडवे, बारीक, जाड, कसेबी — खरं हाये, आमच्या ह्यायनं मले हेच सांगतलं होतं, तुमी शाळेतबी गेले नसान तवा. पन बाबू, हे चरे काही विलायतेत नाही पडले. हे माहे हायेत. तीस वर्षं मी हे गिलास त्या शाबादी फरशीच्या कोनाड्यातून काढले, पुसले, पुन्हा ठेवले. कलेक्टर आले तं पन्हं याच्यात, तहसीलदार आले तं याच्यात, संक्रांतीले बाया आल्या तं याच्यात. दुसऱ्या कोनाले हात लावू देल्ला नाही. तुमी भिंगातून जे पाहून राह्यले ना, त्याले तुमी काचेचं वय म्हन्ता — थे माहं वय हाये. लिहून घ्या पायजे तं. — नको, लिहू नका, बोलली आपली.

आन काय पाह्यलं? वेल. अंगुराची वेल, चाकावर कोरलेली, तेजाबानं, म्हंजे ॲसिडानं, खाल्लेली नाही. तेजाबाची नक्षी सपाट रायते, बोटाले लागत नाही. चाकाची खोल-उथळ रायते, पानाच्या पोटात बारीक रेघा दिसतात, आन कोरनारा मानूसच असल्यानं एका गिलासावरची वेल दुसऱ्यासारखी कधी होत नाही. बुडाले मधात जो गोल चिकना चट्टा हाये, तिथं फुंकलेल्या काचेचा देठ तोडून घासला. टिचकी मारली तं घंटीवानी वाजते आन लवकर थांबत नाही. पाहून काऊन राह्यले असे? मी सातवी शिकलेली हावो, हे माह्या डोक्यातलं नाही. आमचे हेच सांगत. सुट्टीच्या दिवशी जेवनं झाली का एकेक गिलास उजेडात धरत आन सांगत, मी ऐकत जाय. दुसरं काही बोलत नसत माह्याशी. मीठ कमी हाये हेबी नाही. घरात चार शब्द बोलायचे तं काचेवर बोलत, म्हनून मले काचेचं सगळं येते आन त्याइचं काहीच — जाऊ द्या. तुमाले हे सांगाचं काय काम.

तुमचे वडील म्हन्तात, सिकंदराबादेत कोन्या पारशाच्या बंगल्याचा लिलाव झाला, त्यात तुमच्या आजोबानं हे गिलास घेतले आन लेकीले लग्नात देल्ले. सहा होते, अंगुराची वेल होती, आन एका गिलासावरचा पक्षी मान वळवून मांगं पाह्यते. असन. लिलाव झाला असन, गिलास घेतले असन. पन त्या नमुन्याचे दुनियेत सहाच होते काय? विलायतेतून माल येते तं पेट्याच्या पेट्या येते. — काय? प्रत्येकाची वेल वेगळी रायते असं आताच म्हनलं? कोन म्हनलं? मी म्हनलं. बरं, मी म्हनलं. वेल वेगळी रायते, पन पक्षी त पक्षीच हाये ना. मान काय तुमच्याच घरच्या पक्ष्याची वळते?

आन मी तुमाले एक इचारतो. तुमच्या घरचं दस्तूर मले माहीत हाये, माह्याइतकं तुमालेबी माहीत नसन. लेकीले देल्लेल्या चमच्यावरबी नाव टाकल्याबिगर तुमची मानसं देत नाहीत. भैंशा गावाहून थो नाव टाकनारा फकिरा घरी आनून बसवला होता म्हने तुमच्या आजोबानं, लगन होईस्तोवर छन्नी-हातोडी चालू. ताट, वाटी, तपेली, परात, पोळपाटाचा पितळी काठ, झारीचं झाकन — सगळ्यावर ठिपक्याठिपक्यानं 'सौ. विनोदिनी व्यंकटराव'. आदिलाबाद आंध्रात गेलं त्या वर्षी, छप्पन्न साली, मी ह्या घरात आली. आमच्या बापाची ताकद नव्हती, दोन लुगडी घेऊन आली, एक वाटीसुद्धा नाही. बिजवराले देल्ली, बिजवराच्या घरी सगळं असतेच. होतंच. सकाळी तोंड धुवाले तांब्या उचलला तं विनोदिनी. भात उकरला तं विनोदिनी. गळ्यात सासूबाईनं तिचा टाक घातला, थो घालाच लागते दुसरीले, नाहीतं पहिली त्रास देते म्हन्तात. पितृपाटात अविधवा नवमीले तिच्या नावानं सवाष्न जेवू घालाची, थेबी मीच, तिच्याच ताटात. केलं. आमचे हे होते तवापर्यंत एक साल चुकवलं नाही. इथं शेजारी एक तेलगू मास्तरीन राहाले आली, शाळेत हिंदी शिकवे. मी तिले वाटीभर भरीत देल्लं. वाटी परत द्याले आली थे म्हन्ते, विनोदिनीगारू, बहुत अच्छा था. वाटीवर वाचलं ना तिनं. बदली होऊन जाईपर्यंत मले विनोदिनीगारूच म्हने, गारू म्हंजे त्याइच्यात बाई. मीबी ओ द्याची. कोनाकोनाले समजावत बसू.

म्हनून इचारतो, ह्या गिलासावर नाव दाखवा. तुमच्या भिंगातून पाहा. वेल हाये, पक्षी हाये, चरे हायेत, नाव कुठं हाये? चमच्यावर नाव टाकनारी मानसं पारशाच्या गिलासावर टाकाचं इसरली? नाव नाही, म्हंजे तुमचे नाहीत. कचेरीतल्या पेशकाराची बायको हावो मी, जन्मभर दावे आन साक्षी-शहादती ऐकल्या ह्या घरात. शहादत तुमच्याजवळ नाही, कब्जा माह्याजवळ हाये. आन हे कसे आले, थेबी ऐकून घ्या, म्हंजे वडलाइले सांगता येईन.

एक डाव बोलली मी. जन्मात एकच डाव. लग्नाले दोनेक वर्षं झाली असतील, सासूबाई होत्या तवा, प्रयागबाई. जेवाले वाढून राह्यली होती. वरनाची वाटी ह्याइच्या ताटात ठेवली आन तोंडातून निघून गेलं, का एका वाटीवरचं तरी नाव घासून आना, फक्त एका, मी माही तेवढीच घेत जाईन. सासूबाईचा घास हातातच राह्यला. हे अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतले, दफ्तराले निघून गेले. मंग सासूबाईनं मले ऐकवलं, मेलेलीचंबी खाते का ही म्हनून. आठवडाभर ऐकवलं. मी पुन्हा कधी शब्द नाही काढला. आन बराबर पुढच्या महिन्यात हे एका मुकदम्याच्या कामानं हैदराबादेले गेले, परत आले तं हातात पत्र्याची पेटी. उघडली — हे सहा गिलास. आपल्या जुन्या धोतराचे तुकडे करून एकेकाले गुंडाळलेलं, मधात गादीचा कापूस, एक टवका उडू देल्ला नाही इतकं जपून आनलं. आन सासूबाईसमोर म्हनाले, हे वनमालेसाठी आनले. नाव घेऊन म्हनाले. त्याच्या आधी नाही घेतलं, त्याच्यानंतर नाही घेतलं. सासूबाईनं गिलासाकडे पाह्यलं आन तोंड फिरवलं. खर्चाचं दुखून राह्यलं असं वाटलं मले. मरेपर्यंत त्या गिलासात पानी प्याल्या नाहीत. नका पिऊ म्हनलं. ह्या घरात एक वस्तू माही हाये, तुमाले नसन पटत तं नका पिऊ.

आन तुमचा अंगठा मघापासून तिथंच, त्या खळगीवर फिरून राह्यला, थेबी पाहून राह्यली मी. थे काही नुकसान नाही. थे अंगठ्याची जागा हाये. सहाही गिलासाले हाये, घ्या, हा पाहा, हा पाहा. साहेबलोकाइचे हात घामानं ओले रायत, गिलास सटकू नाही म्हनून अंगठ्यापुरती खळगी करून घेत. ह्यायनं त्याच दिवशी सांगतलं होतं, पेटी उघडली त्याच दिवशी, मी इचारलंबी नव्हतं. मंग मी सगळ्याइले शिकवलं. असं नाही जी, असं धरा, अंगठा इथं. कलेक्टरीनबाईले शिकवलं. थे म्हनली, वनमालाबाई, तुमाले फार माहिती हाये. — तुमाले हसू काऊन येऊन राह्यलं? नाही आलं? मंग तोंड असं काऊन केलं? बोला ना, गुंगे होऊन बसाले हैदराबादेहून आले काय?

अंगठ्याची जागा असती तं वेल तिच्या भवताली फिरली असती, म्हन्ता. बरं. इथं वेल तुटते. ह्या पानाचं अर्ध अंग काठावर हाये आन अर्ध गायब हाये. म्हंजे आधी वेल कोरली आन खळगी मांगून घासली. असन. टवका उडाला असन तिथं, थो घासून सारखा केला. दुकानदार करतात तसं. — सहाही गिलासाले, एकाच जागी? असते बाप्पा, एखाद्या वेळेस — नाही, असं नसते. मले माहीत हाये असं नसते. तुमी खिडकीकडे काऊन नेऊन राह्यले थो? इथंच दाखवा. बरं येतो, मी येतो, तुमी जपून धरा, हा पक्ष्याचा हाये. तिरपा करा. काही दिसत नाही मले, नुसता उजेड दिसून राह्यला. अजी हे काय करून राह्यले, तोंडाची वाफ काऊन टाकता त्याच्यावर, उष्टा —

दिसलं काहीतरी — उडून गेलं. पुन्हा टाका. थांबा, माहा चष्मा द्या थो, तुमच्या थैलीजवळ हाये. हां. टाका आता.

…दिनी.

पुन्हा टाका.

पक्षी जवळ हाये म्हनून घासनाऱ्याचा हात भ्याला, असं म्हन्ता. बाकीच्या पाचांवर खोल घासलं, इथं उथळ राह्यलं. फकिराचीच अक्षरं हायेत, काचेवर हिरकनीनं काढली असन. पितळेवर अशीच हायेत, 'द' चं पोट असंच मोठं. रोज पाह्यतो मी, मले वळखू येनार नाही तं कोनाले येईन.

बसतो मी जराशी. नाही, पानी नको. हात नका लावू, बसता येते मले.

तीस वर्षं तिच्या नावावर अंगठा ठेवून मी लोकाइले पन्हं देल्लं. मोठ्या तोऱ्यानं. आन हे समोर खुर्चीवर बसून पाहत. कलेक्टरीनबाईले शिकवलं तवाबी होते. एक शब्द नाही बोलले. खोटारडे. गेलेल्या मानसाले असं म्हनू नाही, मी म्हन्तो, खोटारडे. तरीच सासूबाईनं तोंड फिरवलं. त्याइनं वळखले होते, नव्या बायकोच्या हातात जुनीचे गिलास. आन थे धोतर. दुकानदार काच भुशात बांधून देते, वाळल्या गवतात देते. घरच्या धोतरात आन घरच्या गादीच्या कापसात कोन देते? थे आनाले नव्हते बांधले, न्याले बांधले होते. इथून, तिच्या पेटीतून काढून नेले. मले वाटे किती जपून आनले. माह्या डोळ्यासमोर होतं आन मी तुमाले चरे शिकवून राह्यली होती मघापासून. हसा आता. मघा नाही हसले तं आता हसा.

न्या. हो, न्या म्हनलं. नाव निघालं, शहादत झाली, दावा तुमचा खरा हाये. घंगाळ, परात, तांब्या, टाक, आन हे — सगळंच तिचं. मी काय, मी पुसाले होती. थो पेपर घ्या तिथला, गुंडाळा त्यात. पक्ष्याचा आधी गुंडाळा. असा नाही, दोन घड्या करा, फुटन — द्या इकडे, मी करून देतो.

थांबा. हात थांबवा जरा. तुमी ह्यातले जानकार हा, एक सांगा. काच अशी घासाले काय लागते? चाक लागते, पानी लागते, बारीक भुकटी लागते, मंग पुन्हा चमक आनाले दुसरं चाक. घासता घासता तडकू शकते? शकते. आदिलाबादेत होत असन काय हे? नाही. हैदराबादेत चष्म्याच्या काचा घासनाऱ्यापाशी न्या लागन, त्याच्या हातापाया पडा लागन, का बाबा एवढं काम करून दे. आन पितळी वाटीवरचं नाव? थे तं इथला कोनताबी कासार घंटाभरात घासून देते. मंग ह्यायनं वाटी काऊन नाही घासून आनली? मी वाटी मांगितली होती. वाटी.

वाटी रोज चुलीपुढं येते. सासूबाई पाह्यतीन. पंगतीत कोनी पाह्यन. मेलेल्या बायकोचं नाव पुसलं म्हनून गावभर होईन. थे नाही जमलं त्याइले, पेशकार असून नाही जमलं. मंग तिच्या पेटीत जे सगळ्यात चांगलं होतं, थे काढलं. आन त्या चाकापुढं बसून राह्यले असतील. मी वळखतो त्याइले, दुसऱ्याच्या हाती काच देऊन हे बाहेर हिंडनारे नव्हते. सहा गिलास. सहा वेळा तिचं नाव जाताना पाह्यलं असन. थे तिच्यावर जीव टाकत जी, मले माहीत हाये, मी काही आंधळी नव्हती. तिच्या तिथीले दिवसभर अन्नाले शिवत नसत. मले जन्मात कधी जेवली का म्हनून इचारलं नाही त्या मानसानं. आन हे केलं. आन करून सांगतलं काय, तं अंगठ्याची जागा.

ठेवा थो पेपर. ठेवा म्हनलं ना. नाही देत. आताच न्या म्हनलं होतं? म्हनलं असन. आता नाही म्हनून राह्यली. काच तुमच्या आत्याची हाये, मान्य. वेल तिची, पक्षी तिचा, थे उरलेलं अर्ध नावबी तिचंच. पन ही खळगी माही हाये. थे तिच्यासाठी नाही केली कोनं. खळगी इथं ठेवून गिलास नेता येत असन तं न्या, मी आडवी येत नाही. येते नेता? शिकलेले हा ना तुमी.

वडलाइले काय सांगाचं थे सांगा. फुटले म्हना. नको, फुटले नका म्हनू, त्याइचा जीव आजारी हाये. म्हना, हायेत, पन बाई देत नाही, बाई कजाग हाये. थे त्याइले पटन.

उठा आता, निजामाबादची बस सुटन तुमची. थो पितळी गिलास मघाच भरून ठेवला होता, पानी पिऊन जा, आत्याचंच नाव हाये त्यावर, तुमाले चालन. दार ओढून घ्या जाता जाता. खिडकी नका लावू. उजेड हाये अजून.